अक्कलदाढ अडली तर गोळीवर दिवस काढू नका



मृगाचा पाऊस लागायच्या आत घरातली किती कामे उरकायची असतात, हे तुम्हाला सांगायला नको. बियाणे, बांध, छपराची डागडुजी, लेकरांची शाळा. या यादीत आज एक काम आणखी घालायचे आहे. घरात कुणाची अक्कलदाढ दुखून गेली असेल आणि आता बरे वाटत असेल, तर याच दिवसांत ती दाढ दवाखान्यात दाखवून घ्या. दुखत नसताना दाखवायचे, हे ऐकायला उलटे वाटेल. पण अडलेल्या अक्कलदाढेचे सगळे शहाणपण यातच आहे. कसे, ते आज समजून घेऊ.

अक्कलदाढ म्हणजे कोणती?

मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. त्यांतल्या शेवटच्या चार दाढा, वर दोन आणि खाली दोन, अगदी गालाच्या कोपऱ्यात येतात. त्या सगळ्यांत उशिरा, साधारण १७ ते २५ या वयात येतात. समज येण्याच्या वयात येते म्हणून तिला अक्कलदाढ म्हणतात, एवढेच. ती आली म्हणून अक्कल वाढत नाही आणि काढली म्हणून जात नाही. काही जणींना चारपैकी एखाददुसरी दाढ येतच नाही. त्यातही काही बिघडत नाही.

खरी अडचण जागेची आहे. माणूस अन्न शिजवून मऊ करून खायला लागला, तसतसा हजारो वर्षांत त्याचा जबडा लहान होत गेला. दाढा मात्र तेवढ्याच राहिल्या. आमगावच्या एसटीत तिघींच्या बाकावर चौथी बसायला आली तर काय होते? ती तिरकी बसते, अर्धी टेकते, नाहीतर शेजारणीला रेटते. अक्कलदाढेचेही तसेच होते. कुणाची तिरकी होऊन पुढच्या दाढेला टेकते, कुणाची हाडात आडवी पडून राहते, कुणाची अर्धी वर येऊन थांबते. अशा दाढेला अडलेली किंवा अडकलेली दाढ म्हणतात. हा त्रास खालच्या जबड्यात जास्त दिसतो.

अर्धी वर आलेली दाढ सर्वांत त्रासाची. तिच्यावर हिरडीची झापड उरते. त्या झापडीखाली भाताचे शीत, डाळीचे साल, भाजीचा तंतू जाऊन बसतो. तिथे ब्रश पोचत नाही, बोट पोचत नाही. अडकलेले कुजते, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. मग वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीवर चावते आणि सूज आणखी वाढते.

कसे ओळखायचे?

शेवटच्या दाढेमागे ठसठसते. कळ कानात जाते, कधी घशात उतरते. गिळताना दुखते. तोंडाला घाण वास येतो, खारट-कडू चव येते. गालावर सूज दिसते. आणि महत्त्वाची खूण म्हणजे तोंड नेहमीएवढे उघडत नाही. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे जातात. दोनच जात असतील तर काहीतरी अडते आहे.

इथे आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचेही तोंड उघडेनासे होते. पण ते हळूहळू, महिन्या-महिन्याने कमी होते. तिखट लागले की तोंडाची आग होते आणि गाल आतून कडक, पांढुरके होतात. अक्कलदाढेचे तोंड दोन-चार दिवसांत बंद होते आणि दुखून बंद होते. दोन्ही गोष्टी दाखवायलाच हव्यात, पण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. खर्ऱ्यामुळे आवळत चाललेले तोंड कर्करोगाकडे जाऊ शकते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर ती अक्कलदाढेचीच असेल असे समजून बसू नका.

गोळीने सूज उतरते, मग अडचण काय?

बहुतेक घरांत असे होते. दाढ दुखली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन रंगांच्या गोळ्या येतात. तीन दिवसांत सूज उतरते. उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, पुढच्या वेळेसाठी. आणि पुढची वेळ येतेच, कारण दाढ तिथेच आहे, झापड तिथेच आहे आणि शीत रोजच अडकते. पुढच्या खेपेला सूज मोठी असते आणि तीच गोळी तेवढी लागू पडत नाही. जंतुनाशक गोळ्या अर्धवट घेतल्या की काही जंतू त्यांना दाद देईनासे होतात. वेदनेच्या गोळ्या उपाशीपोटी घेत राहिल्या की पोटात जखम होते, मूत्रपिंडावर भार पडतो.

तोवर आत दुसरे नुकसान चालू असते. तिरकी दाढ जिथे टेकते तिथे पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागते. ती पुढची दाढ आपली रोजची चावायची दाढ असते. कधी कधी अडलेल्या दाढेभोवती हाडात पाण्याची पिशवी धरते आणि ती गुपचूप हाड पोखरते.

सर्वांत मोठा धोका मात्र सुजेचा आहे. दाढेमागचा पू खाली गळ्याकडे उतरू शकतो. जबड्याखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला, ताप आहे, श्वास घ्यायला त्रास होतो, तर ते दाढेचे दुखणे राहिलेले नाही. ते जिवावरचे आहे. सकाळची वाट बघू नका. १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत येते.

आणि घरगुती उपायांबद्दल. गालावरून गरम विटेने, तव्याने शेकू नका. आत पू असेल तर शेकाने तो पसरतो किंवा गालातून बाहेर फुटतो आणि कायमचा वण राहतो. दाढेवर घासलेट, तंबाखू, चुना ठेवू नका. वेदनेची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर हिरडी भाजते. दवाखान्यात जाईपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, त्याने खरोखर आराम पडतो.

प्रत्येक अक्कलदाढ काढायची का?

नाही. हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे कुणी उगाच घाबरवणार नाही. दाढ सरळ आली असेल, वरखाली जुळत असेल, साफ करता येत असेल, तर ती इतर दाढांसारखीच दाढ आहे. पूर्ण हाडात गाडलेली आणि काहीच त्रास न देणारी दाढही बहुतेक वेळा तशीच ठेवून, अधूनमधून तपासत राहतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तर २००० साली सल्लाच दिला, की ज्या अडलेल्या अक्कलदाढेला काही रोग नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये.

काढायची ती त्रास देणारी. सूज पुन्हा पुन्हा येत असेल, दाढ किंवा शेजारची दाढ किडली असेल, भोवती पिशवी धरली असेल, तर ती काढलेली बरी. हे डोळ्यांनी बघून ठरत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. पूर्ण जबड्याचा एक मोठा एक्स-रे असतो. त्यात दाढ किती तिरकी आहे, मुळे कशी आहेत आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस किती जवळ आहे, ते कळते.

आता सुरुवातीची उलटी वाटणारी गोष्ट. सूज ऐन भरात असताना दाढ काढणे अवघड असते. तोंड उघडत नाही आणि पू झालेल्या जागी सुन्न करण्याचे इंजेक्शन नीट चढत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा आधी सूज उतरवतात आणि मग या म्हणतात. आपण चुकतो ते इथे. सूज उतरली, दुखायचे थांबले, की दुसऱ्या फेरीला आपण जातच नाही. मग ऐन रोवणीत, दिवसभर चिखलात वाकून राहायचे असते तेव्हा, तीच दाढ पुन्हा उठते. मजुरीही बुडते आणि त्रासही दुप्पट होतो. शिवाय वयाच्या विशीत हाड जरा लवचीक असते आणि मुळे पूर्ण वाढलेली नसतात, त्यामुळे दाढ सोपी निघते. चाळिशीनंतर तेच काम जड जाते.

कुठे जायचे?

पहिली पायरी देवरीचे ग्रामीण रुग्णालय. दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना आधी विचारून ठेवा, म्हणजे खेप वाया जात नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय ते जिल्हा रुग्णालय, उपचार मोफत आहेत. दाढ हाडात खोल असेल तर तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जायचे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, ते १९६८ पासूनचे, आणि तिथे तोंडाच्या व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग आहे. ही महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, म्हणून तिथे थोडे शुल्क पडू शकते. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने कागद आणि एक्स-रे सोबत ठेवा.

डॉक्टरांना काय सांगायचे?

लाजू नका आणि काही लपवू नका. साखर, रक्तदाब, हृदयाची झडप, दमा, रक्त पातळ करण्याची गोळी, आधी कुठल्या इंजेक्शनची रिअॅक्शन, हे सगळे सांगायचे.

आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. घरात सिकलसेल असेल तर कार्ड दाखवाच. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग झाला, पाणी कमी पडले, थंडी लागली, तर अंग दुखण्याचा मोठा झटका येऊ शकतो. त्यांची दाढ काढता येते, पण तयारीने आणि मोठ्या रुग्णालयात. आणि त्यांनी दाढेची सूज अंगावर काढणे इतरांपेक्षा जास्त धोक्याचे असते.

दिवस गेले असतील तर ते आधी सांगा, एक्स-रेच्याही आधी. घाईचे नसलेले काम डॉक्टर बाळंतपणानंतर करतात, किंवा मधल्या तीन महिन्यांत. पण सूज असेल तर गरोदरपणातही उपचार घ्यायचेच. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा, त्याप्रमाणे औषध देतात. माला-एन किंवा दुसरी पाळणा लांबवण्याची गोळी चालू असेल तर तीही सांगा. त्या गोळीमुळे दाढेची जखम कोरडी पडण्याची शक्यता थोडी वाढते. मनाने मात्र गोळी बंद करू नका.

शस्त्रक्रियेत काय करतात?

जाताना पोट भरून जेवून जा, सोबत एक माणूस न्या. पूर्ण भूल देऊन करणार असतील तर मात्र उपाशी राहावे लागते, ते डॉक्टर आधी सांगतात. पण बहुतेक अक्कलदाढा जागा सुन्न करून काढतात. तुम्ही जाग्या असता. आधी हिरडीत इंजेक्शन देतात, तेवढे टोचल्याचे दुखते. थोड्या वेळात अर्धा ओठ आणि जीभ जड होते. मग हिरडीला छोटी चीर देऊन ती बाजूला करतात. दाढेवरचे थोडे हाड यंत्राने कोरतात, वरून पाण्याची धार चालू असते. दाढ अखंड निघत नसेल तर तिचे दोन-तीन तुकडे करून काढतात. हाड कमी कापावे लागावे म्हणून हे तुकडे करतात. दाढ मोडली, डॉक्टरला जमले नाही, असे समजू नका. शेवटी जखम धुऊन टाके घालतात.

दाबल्यासारखे, ओढल्यासारखे, खरखर आवाज, हे सगळे जाणवते. धारदार दुखणे जाणवू नये. तसे दुखले तर हात वर करा, आणखी इंजेक्शन देता येते. साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि त्याच दिवशी घरी येता येते.

वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, असे गावोगावी म्हणतात. तसे होत नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाढेची वेगळी. पण एक खरा धोका आहे, तो सांगायलाच हवा. खालच्या दाढेजवळून ओठाची आणि जिभेची नस जाते. ती दुखावली तर खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. हे थोड्याच जणांना होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते. क्वचित कायम राहते. नस जवळ आहे का, हे सही करण्याआधी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

घरी आल्यावरचा आठवडा

इथे घरच्यांनी ऐकायचे आहे. रेडिओचा आवाज जरा वाढवा.

जखमेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण आणि तीच मलम. ती हलू द्यायची नाही. दिलेला बोळा पाऊण-एक तास घट्ट चावून धरा. पहिले २४ तास थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, नळीने काही ओढून प्यायचे नाही. लाळ गिळायची. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. रक्त वाहतच असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावा. तरी थांबले नाही तर दवाखाना.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवा, पंधरा मिनिटे काढा. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याचे फडके चालेल. झोपताना उशाला उंची घ्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यावर. बाकीचे दात रोजच्यासारखे घासा, जखमेला ब्रश लावू नका.

खायला थंड किंवा कोमट पेज, आंबील, मऊ वरण-भात, दही, केळे, उकडलेले अंडे. पाणी भरपूर. भाकर, चिवडा, तिखट चार-सहा दिवस नको. गोळ्या सांगितल्या तेवढ्या दिवस पूर्ण घ्यायच्या. दारू नको; काही जंतुनाशक औषधांवर ती घेतली तर उलट्या होतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. म्हणजे घरी आल्यावर सूज वाढली तर काम बिघडले असे नाही. तोंड मोकळे उघडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, त्या खेपेचे भाडे आधीच बाजूला ठेवा.

दोन-तीन दिवस जड उचलायचे नाही, वाकायचे नाही. म्हणजे हंडा नाही, सरपणाचा भारा नाही, रोवणी तर नाहीच. वाकले की डोक्याकडे रक्त येते आणि जखम पुन्हा वाहते. बाई घरी आली, चालतेबोलते, म्हणून संध्याकाळी चुलीपुढे बसवू नका.

खर्रा, बिडी, मिश्री, गुडाखू पूर्ण बंद. निदान आठवडाभर, आणि नंतरही बंदच राहिले तर उत्तम. यांनी गुठळी निघून जाते आणि खड्डा उघडा, कोरडा पडतो. खूण अशी, की कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढते, कानापर्यंत जाते, वास येतो. असे झाले तर गोळ्या वाढवू नका, परत जा. डॉक्टर जखम धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि लवकर आराम पडतो. ताप, पू, पुन्हा वाढणारी सूज, गिळायला त्रास, यांसाठीही लगेच परत जायचे.

गटाने काय करायचे?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटे यासाठी काढा. वर्षभरात कुणाची शेवटची दाढ सुजली होती, ते विचारा. हात वर करायला कुणी लाजेल, तेव्हा लेकीसुनांचेही विचारा, कारण हे दुखणे १७ ते २५ च्या पोरींचे आहे आणि त्या बैठकीला नसतात. तीन बोटांची परीक्षा सगळ्या जणी तिथेच करून बघा. दोघी-तिघी निघाल्या तर एकाच दिवशी सोबत जा, भाडे वाटले जाते. हात तंग असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून प्रवासाचे पैसे द्या. शेळीला कर्ज देतो, तसे बाईच्या दुखण्यालाही देता येते.

दाढ हे लहान दुखणे आहे, असे म्हणून बाई ते सर्वांत शेवटी ठेवते. आधी लेकरू, मग म्हातारे, मग बैल, मग आपण. पण अडलेली दाढ आपल्या सवडीने वाट बघत नाही. ती शांत आहे तोवर आपण सवड काढायची. पाऊस लागायला अजून थोडे दिवस आहेत.

तुमचे प्रश्न आशाताईंकडे लिहून द्या, पुढच्या भागात त्यांवर बोलू.